खड्डा कुणाच्या बापाचा?



२०१९ च्या जुलैमधली गोष्ट. पहाटेचे पाच-सव्वापाच. माझा धाकटा भाऊ पेपरची लाइन टाकायला निघाला. हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, कॅरिअरवर गठ्ठा, वरून धो धो पाऊस. आमच्या वस्तीतून हमरस्त्याला लागायच्या वळणावर कुणीतरी केबलसाठी चर खणली होती. वरच्यावर माती लोटून कंत्राटदार निघून गेला. पावसाने माती बसली, चरीत पाणी साचलं आणि रस्ता वरून सपाट दिसायला लागला. पुढचं चाक आत गेलं आणि भाऊ हँडलवरून सरळ तोंडावर आला. मनगट मोडलं, हनुवटीला सात टाके पडले, पुढचे दोन दात गेले. पेपर गटारातून वाहत गेले आणि त्याचे पैसेही एजंटाने पुढच्या महिन्यात कापून घेतले.

पोलिस ठाण्यात गेलो. टेबलावरचा साहेब म्हणाला, "कुणी ठोकलं?"

"कुणी नाही साहेब. चरीत पडला."

"मग तक्रार कुणाविरुद्ध लिहू? चरीविरुद्ध?"

बाकीचे हसले. मीही कसनुसा हसलो, याची मला आजही लाज वाटते. वॉर्ड ऑफिसात गेलो तर तिथे सांगितलं, हा रस्ता आमच्याकडे येत नाही, बांधकाम खात्याकडे जा. बांधकाम खात्यात सांगितलं, रस्ता आमचा पण चर आमची नाही, केबलवाल्याला विचारा. केबलवाल्याचा पत्ता कुणाकडेच नव्हता. तीन आठवडे मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो आणि मग कामाला लागलो. कारण घरात एक हात कमी झाला होता, आणि पोटाला चर काय नि खड्डा काय, कळत नाही.

भावाची लाइन तेवढ्यात दुसऱ्या पोराला गेली. आठ महिन्यांनी एका वकील मित्राला सहज बोललो. तो म्हणाला, "आता येतोयस? महापालिकेवर दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मुदत गेली की तुझी."

बी. ए. झालेला मी, व्यवस्थेवर तास तास बोलणारा, भिंती रंगवणारा, मोर्चात पुढे असणारा. आणि माझ्या सख्ख्या भावाचं मनगट मोडलं तेव्हा कुठला कागद कुठल्या टेबलावर किती दिवसांत द्यायचा, एवढं साधं मला माहीत नव्हतं. व्यवस्था बेरकी आहेच. पण आपण अडाणी राहिलो हा दोष तिच्या माथी मारता येत नाही. म्हणून हे संपादकीय. यावेळी कवितेला दोन पानं कमी मिळाली आहेत. कवी मित्रांनी समजून घ्यावं.

आता कुणी म्हणेल, आपल्या अंकात खड्डे कशाला? खड्ड्यांवर पांढरपेशे लिहितात, वाचकांच्या पत्रव्यवहारात. आपला विषय जात.

रस्ता हा जातीचाच विषय आहे राव! पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या माणसाला कमरेला झाडू बांधून चालावं लागायचं, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त नोंदवून ठेवलंय. १९२४ ला त्रावणकोरात वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळात शिरायला नव्हता, देवळाभोवतालच्या सरकारी रस्त्यांवरून चालता यावं यासाठी होता. राज्यघटनेचं कलम १५ काढा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या ओळीत 'रस्ते' हा शब्द आहे. तो कुणी गंमत म्हणून घातलेला नाही. आणि अट्रॉसिटी कायद्याचं कलम ३ उघडा. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून अडवणं हा गुन्हा ठरवलाय. सायकल! एकविसाव्या शतकात या देशाच्या संसदेला लिहावं लागलं की दलिताने सायकलवर बसणं अडवाल तर आत जाल. म्हणजे गावात अजून काय चाललंय ते समजा.

बाबासाहेबांचा स्वतःचा अपघात आठवा. १९२९ साल. खानदेशात चाळीसगावला ते उतरले. महाराला टांग्यात बसवायला टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाचं हाड मोडलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनीच हे लिहिलंय. त्या अपघाताची फिर्याद कुणावर करायची होती? घोड्यावर? पुलावर? हाकणाऱ्या आपल्या माणसावर? त्याच्यामागे उभी असलेली जात कुठल्याच पंचनाम्यात आली नसती.

शहरात आज कुणी तुम्हाला सायकलवरून खाली उतरवत नाही. खड्डा उतरवतो. आणि तो कुणालाही उतरवत नाही, हेही बघा. २०११ च्या जनगणनेत या देशात शंभरातल्या जवळपास ४५ घरांत सायकल होती. शहरात पहाटे सायकलवर कोण असतं? पाववाला, पेपरवाला, दूधवाला, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, इडलीचा डबा आणि चहाची किटली घेऊन फिरणारा, नाक्यावर उभं राहायला चाललेला गवंडी आणि बिगारी. आपलेच लोक, किंवा आपल्या शेजारच्या झोपड्यातले. रविवारी सकाळी लाखाच्या सायकली घेऊन निघणारेही आहेत. त्यांच्याशी आपलं वैर नाही, खड्डा त्यांनाही दात दाखवतो. पण ते पडले की फोटो पेपरात येतो, आणि त्यांच्या घरात एखादा वकील असतो. वॉचमन पडला की सोसायटी दुसरा वॉचमन बघते.

मोटारीला जो खड्डा धक्का देतो तो सायकलला मारतो. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या की मोटार वरून जाते, सायकलचं चाक त्यात अडकतं. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली बोटभर फट, उखडलेला पेव्हर ब्लॉक, अर्धवट बुजवलेली चर, झाकण चोरीला गेलेलं किंवा कधी बसवलंच नाही असं गटार. हे सगळं रस्त्याच्या डाव्या कडेला असतं, आणि सायकलवाल्याला सगळे सांगतात की कडेने चाल.

सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये आकडा आला होता. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं मेली. न्यायालयच म्हणालं की सीमेवर अतिरेक्यांच्या हातून मेले असतील त्याहून हे जास्त असावेत. सीमेवर मेलेल्याला तिरंगा मिळतो. खड्ड्यात मेलेल्याच्या बायकोला 'कुणी ठोकलं' हा प्रश्न मिळतो.

तर आता या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकू. मी वकील नाही. पण गेली काही वर्षं वकील मित्रांच्या मागे लागून जे गोळा केलं ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट. पडताना कुठल्या मोटारवाहनाचा संबंध होता का, हे आधी बघा. खड्डा चुकवायला तुम्ही बाजूला झालात आणि मागून ट्रक, टेम्पो, रिक्षा, बाइक आदळली, तर तो मोटार अपघात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालक, मालक आणि विमा कंपनीवर दावा लागतो. चूक कुणाची हे सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. गाडीवाला पळून गेला, नंबर मिळाला नाही, तर कलम १६१ ची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे जातो, तो त्यासाठीचा दावा चौकशी अधिकारी असतो. कलम १६६ च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत २०२२ पासून घातली गेली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. सहा महिने म्हणजे सहा महिने असं धरून चाला.

दुसरी गोष्ट. मोटार नव्हती, नुसता खड्डा होता. माझ्या भावाचं हेच. इथे मोटार न्यायाधिकरणाचं दार बंद, कारण सायकल हे मोटारवाहन नाही आणि खड्ड्याचा विमा नसतो. मग जबाबदार कोण? रस्ता ज्याच्या ताब्यात तो. मुंबईला १८८८ चा महापालिका कायदा लागतो, बाकी शहरांना १९४९ चा. पहिल्याचं कलम ६१ आणि दुसऱ्याचं कलम ६३ वाचा. सार्वजनिक रस्ते बांधणं आणि नीट ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. मेहरबानी नाही. नगरसेवकाने वाढदिवसाला वाटलेली मिठाई तर नाहीच नाही. कर्तव्यात कसूर झाली आणि माणूस जखमी झाला, तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो.

पण याच कायद्यांनी महापालिकेला ढालही दिलीय. मुंबईच्या कायद्यात कलम ५२७, बाकी शहरांच्या कायद्यात कलम ४८७. दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. हीच ती मुदत जी मी चुकवली. रस्ता राज्य सरकारचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस. तेव्हा नोटीस पहिल्या महिन्यातच गेली पाहिजे. रस्ता कुणाचा हे नक्की नसेल तर महापालिका, बांधकाम खातं, प्राधिकरण, कंत्राटदार सगळ्यांना एकाच वेळी पाठवा. रस्ता आपला नाही हे त्यांनी कोर्टात एकमेकांच्या तोंडावर सांगू दे. तुम्ही त्यांच्या टेबलांमध्ये चेंडू होऊ नका.

कोर्ट काय म्हणेल? दोन्ही बाजू सांगतो, खोटी आशा दाखवत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, त्या खटल्यात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. मनोरा तुमचा, तो आपोआप पडत नसतो, दुर्लक्ष झालं नाही हे तुम्ही दाखवा, असा त्याचा मतितार्थ. उलट १९९७ च्या राजकोटच्या खटल्यात रस्त्याकडेचं झाड पडून चालत जाणारा माणूस मेला, तिथे त्याच न्यायालयाने महापालिकेला सोडलं. म्हणजे निकाल पुराव्यावर आहे. खड्डा किती दिवसांचा होता, आधी कुणी तक्रार केली होती का, कठडा किंवा लाल कापड तरी लावलं होतं का, यावर तुमची केस उभी राहते किंवा बसते. म्हणून आपल्या वस्तीतून गेलेल्या जुन्या तक्रारीची पोच ही उद्या पडणाऱ्या माणसाची साक्षीदार असते.

ते तुमच्यावरही उलटतील. अंधारात कशाला आलास, बघून का चालवत नाहीस, हेल्मेट कुठे होतं. सहभागी निष्काळजीपणा म्हणतात त्याला, आणि तो दिसला तर रक्कम कापतात. लक्षात ठेवा, पायडलच्या सायकलला हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्यात नाही. दिवा, रिफ्लेक्टर आणि ब्रेक मात्र नीट ठेवा, जिवासाठी आणि केससाठीही. आपल्या बापांच्या काळी दिवा नसला की हवालदार चाकातली हवा सोडायचा. आता हवा सोडत नाहीत, भरपाई सोडवून घेतात.

तिसरी गोष्ट, आणि ही नवीन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खड्ड्यांची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. बऱ्या स्थितीतला रस्ता मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्या प्रकरणात न्यायालयाने आधीच सांगितलं होतं. १३ ऑक्टोबर २०२५ ला त्याच प्रकरणात न्यायालयाने भरपाईचा आकडा ठरवून दिला. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख. जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. दावा तपासायला समिती, त्यात महापालिका असेल तर आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सचिव. माहिती मिळाल्यापासून सात दिवसांत समितीने बसायचं. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, नाही दिले तर ९ टक्के व्याज आणि वरचा अधिकारी स्वतः जबाबदार. दिलेले पैसे दोषी अधिकारी आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचे. तक्रार आलेला खड्डा ४८ तासांत बुजवायचा. आणि मुख्य म्हणजे हे पैसे घेतले म्हणून दुसरा दावा मरत नाही, बाकीचे मार्ग मोकळेच राहतात.

यात मोटार असलीच पाहिजे अशी अट नाही. कुणी ठोकलं, या प्रश्नाला आता उत्तर आहे, साहेब. खड्ड्याने ठोकलं, खड्डा महापालिकेचा, लिहून घ्या.

पण निकाल कागदावर असतो आणि समिती आपोआप बसत नाही. तिला बसवावी लागते. किती वस्त्यांत हे माहीत आहे? मी गेल्या महिन्यात आमच्या नाक्यावर वीस-पंचवीस सायकलवाल्यांना विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. एक म्हातारे पाववाले काका म्हणाले, "बाळा, आपल्याला कोण देतंय?" हे वाक्य ऐकलं की मला खड्ड्यापेक्षा जास्त राग येतो. हजारो वर्षांनी आपल्या तोंडात बसवलेलं वाक्य आहे ते.

चौथी गोष्ट, फौजदारी. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, दुखापत झाली तर कलम १२५. १ जुलै २०२४ पासून हीच संहिता लागू आहे. अज्ञात कंत्राटदार आणि संबंधित अधिकारी असं लिहूनही फिर्याद देता येते, आरोपीचं नाव शोधणं हे पोलिसांचं काम. घेतली नाही तर लेखी अर्ज पोलिस अधीक्षक किंवा उपायुक्ताकडे, आणि तरीही नाही तर दंडाधिकाऱ्याकडे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना दंड. किती? जास्तीत जास्त एक लाख, आणि तोही सरकारी निधीत जमा. तुमच्या हातात दमडी नाही. करोडोंचं कंत्राट आणि लाखाचा दंड! पण त्या कलमाखाली गुन्हा शाबीत झाला तर भरपाईच्या दाव्याला पाठबळ मिळतं, म्हणून ते सोडायचं नाही.

पाचवी. कामावर असताना पडलात तर मालकावरही हक्क आहे. दुकानाचा माल सायकलवरून पोचवताना पडलेला पोरगा हा कामावरचा अपघात. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, हक्क मात्र शिल्लक आहे. आणि कामाशी संबंध दाखवता आला तर घर ते काम या वाटेवरचा अपघातही त्यात धरलाय. मोबाइलवरून ऑर्डर घेऊन पिशव्या वाहणाऱ्या पोरांना मात्र कंपन्या कर्मचारी मानत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. नफ्यात नाही, फक्त खड्ड्यात भागीदार. त्यांच्यावर स्वतंत्र लेख पुढे घेऊ.

आता पैशाचं. वकील परवडत नाही, हे कारण आपल्यापुरतं कायद्याने संपवलेलं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि कोर्ट फीसुद्धा भरली जाते. त्याला उत्पन्नाची अट नाही. बायका, मुलं, अपंग, औद्योगिक कामगार यांनाही तसंच. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे ऑफिस असतं. जातीचा दाखला आपण नोकरीसाठी आणि ॲडमिशनसाठी जपून ठेवतो. तो इथेही चालतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

पुराव्याचं सांगतो. पडल्यावर आधी माणसाला उचला, दवाखान्यात न्या. सरकारी दवाखान्यात नोंद होताना 'पडून लागलं' एवढंच लिहू देऊ नका. अमुक रस्त्यावर, अमुक ठिकाणी, खड्ड्यात सायकल जाऊन पडला, असं लिहायला लावा. एमएलसीचा नंबर घ्या. दुसऱ्याने लगेच खड्ड्याचे फोटो काढावेत, एक लांबून ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब दिसेल, एक जवळून ज्यात मोजपट्टी आडवी ठेवलेली असेल. महापालिका तक्रारीनंतर खड्डा रातोरात बुजवते, मग कोर्टात खड्डाच नसतो. सायकल दुरुस्त करू नका, तशीच ठेवा. बघणाऱ्या दोघांची नावं आणि फोन. औषधाची प्रत्येक पावती. मजुरीचा पुरावा, म्हणजे हजेरीची वही, पासबुक, मुकादमाची चिठ्ठी. आणि प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत काढून त्यावर आवक शिक्का मारून घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. हा रस्ता कुणी बांधला, कधी बांधला, कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत आहे, चर खणायची परवानगी कुणाला दिली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्या केबलवाल्याचा पत्ता मला तीन आठवडे कुणी दिला नाही, तो दहा रुपयांत मिळाला असता.

आता आपल्यातलाच एक मित्र, नाव घेत नाही, मला म्हणाला, "तू साला सुधारणावादी झालास. कोर्ट त्यांचं, कायदा त्यांचा, जज त्यांचा. पन्नास हजारासाठी अर्ज करायला लावतोस पोरांना? क्रांती काय फॉर्म भरून होते?"

नाही होत. मलाही माहीत आहे. ६ लाखांत माणूस परत येत नाही, आणि दर ठरला की निर्ढावलेला कंत्राटदार तो दर टेंडरमध्येच धरून टाकेल, ही भीती मलाही आहे. पण मित्रा, महाड आठव. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. आणि नंतर त्याच तळ्यासाठी सनातन्यांनी लावलेला दावा ते दहा वर्षं कोर्टात लढले. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळ्यावर जायला हजारो लोक होते. दहा वर्षं तारखांना जायला चिकाटी लागली. आपण तळ्यावरचा दिवस दरवर्षी साजरा करतो, तारखांची दहा वर्षं विसरतो. मोर्चा काढूच. पण मोर्चा पांगल्यावर ज्याचं मनगट मोडलंय तो घरी जातो आणि सहा महिने संपतात.

आणखी एक बजावून ठेवतो. खड्डा बुजवायला टोपली घेऊन आलेल्या बिगाऱ्यावर हात उगारू नका. तो बहुतेक आपलाच असतो, किंवा दुष्काळातून शहरात आलेला कुणी भटका, आदिवासी. डांबर किती घालायचं ते तो ठरवत नाही. मोजमाप पुस्तकावर सही करणारा ठरवतो, बिल काढणारा ठरवतो, टक्केवारी घेणारा ठरवतो. राग त्या सहीवर काढा.

आता काम. आमच्या वस्तीत आम्ही एक वही केली आहे. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, बुद्धविहारात ठेवलेली. त्यात रस्ता, ठिकाण, तारीख, खड्ड्याचं माप, तक्रार कुणाला केली, पोच नंबर. कुणी पडलं तर त्याचं नाव, दवाखान्याचा कागद, आणि शेवटच्या रकान्यात सहा महिने कधी संपतात ती तारीख. दर रविवारी दोघं जण बसतात आणि कुणाची मुदत जवळ आली ते बघतात. अकरावी-बारावीची पोरं पाळीने अर्ज लिहितात. मराठीत, साध्या भाषेत. आतापर्यंत दोन अर्ज समितीकडे गेलेत. पैसे अजून आलेले नाहीत. आले नाहीत तर तेही वहीत लिहू आणि व्याज मागू.

भाऊ आता दुसरीकडे काम करतो. मनगट वाकडंच बसलं, जड उचलता येत नाही. त्याच्या केसमध्ये आता काही होणार नाही, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. पण वहीचं पहिलं पान त्यानेच डाव्या हाताने भरलंय. २०१९ चा जुलै, वळणावरची चर. शेवटच्या रकान्यात त्याने लिहिलंय, 'मुदत गेली'.

दुसऱ्या कुणाच्या नावापुढे ते दोन शब्द येता कामा नयेत. प्रत्येक शाखेने महिन्याभरात आपल्या वस्तीत वही सुरू करावी आणि पुढच्या अंकासाठी किती खड्डे, किती पडले, किती अर्ज, एवढं पोस्टकार्डावर कळवावं. छापू.

जयभीम.